सकाळी न उठणारी डिझेल गाडी : एका हिवाळ्याची नोंदवही

खानदेशाची ख्याती उन्हाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि त्यामुळे इथल्या डिझेल गाडीला थंडीचा त्रास होतो असे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगितले तर तो हसतो. पण तापीच्या खोऱ्यात उत्तरेचा वारा सुरू झाला की डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ८-९ अंशांवर येतो, काही वर्षी त्याखालीही जातो, आणि आमच्या गल्लीत सकाळी सहाच्या सुमारास कोणाची ना कोणाची गाडी नुसती घरघरत असल्याचे ऐकू येते. मागच्या हिवाळ्यात ती गाडी माझी होती. दोष सापडेपर्यंत सात आठवडे गेले, साडेअकरा हजार रुपये गेले, आणि शेवटी दोष निघाला तो चाळीस रुपयांच्या वस्तूत. मी अमळनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीच्या बाबतीत नेमके उलटे केले, म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर लिहितो.

गाडी २०१३ सालची, चार सिलिंडरांची, कॉमन रेल पद्धतीची, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) मोठ्या दाबाचे इंधन देणारी डिझेल आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळी पहिल्या सेल्फला उठेनाशी झाली. दोन सेकंदांऐवजी आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागे, मग ती एकदम पेटे, अर्धा मिनिट खडखडे, आणि त्यानंतर दिवसभर एका चावीला सुरू होई. चौथ्या-पाचव्या सकाळी सेल्फच मंदावला, तेव्हा बॅटरी गेली असे मी ठरवून टाकले. बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे संशयाला जागाही होती. नवी बसवली. दोन दिवस सेल्फ जोरात फिरला, पण गाडी पेटायला तेवढाच वेळ लागत राहिला. रोज दहा-दहा सेकंद सेल्फ मारल्यामुळे बॅटरी उतरत होती, आणि मी परिणामालाच कारण समजून बसलो होतो, हे मला जानेवारीत कळले.

त्यानंतर गाडी एका गॅरेजला दाखवली. थंडीत उठत नाही म्हणजे हीटर प्लग (सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारी विजेची कांडी), असे तिथे न तपासताच सांगण्यात आले आणि चारही प्लग बदलून मिळाले. काढलेले जुने प्लग मी मागून घरी आणले, ही त्या सगळ्या व्यवहारातली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट. घरी मल्टिमीटरवर पाहिले तर तिघांचा रोध ०.८ ओहमच्या आसपास होता, म्हणजे ते ठणठणीत होते, आणि चौथा पूर्ण तुटलेला होता. म्हणजे एक दोष खरोखरच होता. नवे प्लग बसल्यावर सकाळची खडखड कमी झाली आणि सायलेन्सरमधून सुरुवातीला येणारा पांढुरका धूरही गेला, परंतु दहा सेकंदांचा सेल्फ मात्र होता तसाच राहिला. गाडीत एकाच वेळी दोन दोष असू शकतात आणि आपल्याला सापडलेला दोष तक्रारीचे कारण असेलच असे नाही, ही गोष्ट कागदावर सोपी वाटते. प्लगचे बिल खिशात असताना ती पचवणे जड जाते.

इथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढची तपासणी नुसती अंदाजपंचे वाटेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात जे इंजिन उभे केले त्याचे सगळे मर्म हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचे, यात आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते. १७ पट धरून, उष्णता कुठेही गळत नाही असे मानून गणित केले, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या हवेचे तापमान दाबल्यावर ७०० अंशांच्या आसपास जाते आणि पहाटेच्या ९ अंशांच्या हवेचे ६०० अंशांच्या आसपास. म्हणजे बाहेर तेहेतीस अंशांचा फरक असेल तर आत शंभर अंशांचा होतो. प्रत्यक्षात थंड लोखंड त्यातली बरीच उष्णता ओढून घेते आणि पिस्टनच्या रिंगांवाटे थोडी हवा निसटते, त्यामुळे खरे आकडे याहून पुष्कळ खाली असतात. सेल्फ जितका मंद फिरेल तितका हवेला गार व्हायला आणि निसटायला अधिक वेळ मिळतो. म्हणून बॅटरी, जाड ऑइल, झिजलेल्या रिंगा आणि हीटर प्लग हे वरवर वेगळे दिसणारे चार विषय मुळात एकाच विषयाचे आहेत : फवारा पडेल त्या क्षणी आतली हवा पुरेशी तापलेली आहे की नाही. उरलेला दुसरा विषय म्हणजे फवारा मुळात पडतो की नाही. मी पहिल्या विषयात सहा आठवडे फिरत राहिलो आणि माझा दोष दुसऱ्यातला होता.

हे दोन विषय वेगळे करण्याचा सर्वांत सोपा उपाय फुकटचा आहे. सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला सायलेन्सरपाशी उभे करावे. गाडी पेटत नाही, पण मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर इंधन आत पोहोचते आहे आणि नुसती उष्णता कमी पडते आहे. अशा वेळी हीटर प्लग, सेल्फचा वेग आणि कॉम्प्रेशन पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर इंधनच पोहोचत नाही. मग प्लगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. मला हे पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी ते केले नाही, कारण सकाळी सहाला मी एकटाच ओट्यावर असे आणि कॉलेजला उशीर होत असे.

धुराची बाब माझ्या लक्षात आणून दिली ती सौ.ने, आणि तीही तोरणमाळला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोंडाईचा-शहादामार्गे तोरणमाळला मुक्कामी गेलो होतो. सातपुड्यातले ते ठिकाण अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तिथे आमच्यापेक्षा थंडी जास्त आणि हवेचा दाब आमच्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी, म्हणजे डिझेल गाडीला दोन्हीकडून मार. मी गाडी चढावर तोंड करून लावली होती. सकाळी गाडीच्या पडद्यावर ६ अंश दिसत होते. पंधरा-पंधरा सेकंदांचे तीन सेल्फ मारून झाले, गाडी उठली नाही. सौ. मागे शाल गुंडाळून उभी होती. ती म्हणाली, "अहो, मागून धूर तर काहीच येत नाही." मी तिला, थंडीत असे होते, असे काहीतरी उत्तर दिले. मग यशवंत तलावाकडे निघालेल्या चार जणांनी हात लावून गाडी वळवून दिली, तिचे तोंड उताराकडे झाले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्याच सेल्फला ती उठली. बॅटरीला जरा विश्रांती मिळाली म्हणून उठली, असा मी अर्थ लावला. एकाच सकाळी दोन पुरावे समोर उभे राहिले आणि मी दोन्ही वाया घालवले.

घरी परतल्यावर मात्र मी वही केली. तारीख, पहाटेचे तापमान, टाकीतले डिझेल, गाडीचे तोंड कोणीकडे, किती सेकंद सेल्फ, धूर कसा, असे सहा रकाने आखले. तोंडाचा रकाना केवळ तोरणमाळच्या प्रसंगामुळे घातला, त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. आमच्या घराला रॅम्प आहे आणि मी नेहमी गाडी सरळ आत घालतो, त्यामुळे तिचे नाक रात्रभर मागच्या बाजूपेक्षा वर असते. एक दिवस मुद्दाम उलटी घातली. बारा दिवसांच्या नोंदी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा चित्र स्वच्छ होते. ९ अंशांच्या पहाटे, नाक खाली असताना, गाडी दोन सेकंदांत उठली होती. १४ अंशांच्या पहाटे, नाक वर आणि टाकी पाव असताना, तिला अकरा सेकंद लागले होते. टाकी काठोकाठ भरल्यानंतरचे तीन दिवस नाक वर असूनही चार-पाच सेकंदांत काम झाले होते. थंडीच कारण असती तर १४ अंशांची सकाळ ९ अंशांच्या सकाळीपेक्षा वाईट का निघावी? धुराच्या रकान्यात बाराही दिवस एकच शब्द होता : नाही.

याचा अर्थ सांगण्यापूर्वी, ज्यांचा दोष माझ्यापेक्षा वेगळा असेल त्यांच्यासाठी उष्णतेच्या बाजूची तपासणी लिहून ठेवतो, कारण खानदेशात बहुतेकांचा दोष तिकडेच निघतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी, पण ती बदलून नव्हे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही चालू न करता, मल्टिमीटरने मोजावी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. मग सेल्फ मारताना मोजावे. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी थकलेली तरी आहे किंवा सेल्फची मोटर जास्त ओढते आहे. याहून महत्त्वाची आणि कोणीही न करणारी तपासणी अर्थिंगची आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर बॅटरीची ताकद सेल्फपर्यंत न पोहोचता गंजलेल्या पट्टीत जळते आहे. नवी बॅटरी घालून ती पट्टी दुरुस्त होत नाही.

आमच्याकडच्या बॅटरीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिचा जीव घेते ती मे महिन्यातली उष्णता. बॅटरीच्या आतली झीज तापमानाबरोबर झपाट्याने वाढते; ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना ती दुप्पट होते. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करावी. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असते, आतली हवा आधीच तापलेली असते, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही गाडी उठवते आणि मालकाला काही कळत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद उतरते, आणि मेमध्ये केलेला घाव तेव्हा दिसतो. आमचे लोक ऑइलच्या बाबतीतही उन्हाळ्याचाच विचार करतात. उन्हात तेल पाण्यासारखे होते म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घालून देणारे मिस्त्री अजून आहेत. कंपनीने ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात ते घातले तर जानेवारीच्या पहाटे सेल्फला काकवीत चमचा फिरवावा तसे इंजिन फिरवावे लागते.

हीटर प्लगविषयी दोन गैरसमज पक्के आहेत. पहिला असा की डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले. अनेक गाड्यांत तो दिवा केवळ ठरलेल्या वेळाने विझतो. प्लग जळलेले असले तरी तो तितक्याच निष्ठेने लागतो आणि विझतो. दुसरा असा की एक प्लग गेला की गाडी उठणार नाही. जुन्या, इंधन आधी छोट्या कोठडीत फवारणाऱ्या इंजिनांना खरोखरच सौम्य थंडीतही प्लग लागतात, कारण त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात. पण कॉमन रेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि आमच्या ८-१० अंशांत ते निरोगी असेल तर प्लगवाचूनही बहुधा पेटते. एक प्लग गेल्याची खूण म्हणजे सुरू झाल्यावर काही सेकंद एक सिलिंडर मागे राहणे, खडखड आणि थोडा पांढरा धूर. माझ्याकडे तेवढेच होते.

प्लग तपासायला तो काढावा लागत नाही. वरची वायर सोडून टोक आणि इंजिनचे लोखंड यांच्यामधला रोध मोजावा. एक ओहमच्या आसपास असेल तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटलेला. इतका लहान रोध मोजताना मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आधी पाहून वजा करावा, नाहीतर चांगला प्लग वाईट ठरतो. चारही ठीक असून तापत नसतील तर फ्यूज आणि रिले पाहावा. क्लॅम्प मीटर असेल तर मुख्य वायरीला लावून चावी फिरवावी, चार प्लग सुरुवातीला मिळून पन्नासेक अँपिअर सहज ओढतात. बॅटरीची सरळ वायर लावून प्लग लाल होतो का ते पाहण्याची जुनी रीत नव्या गाड्यांत करू नये. त्यातले बरेच प्लग बारा व्होल्टचे नसतात आणि सरळ बारा व्होल्ट दिल्यास तपासणीतच जळतात. काढायची वेळ आलीच तर इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी सोडून, अगदी हलक्या हाताने काढावेत. प्लग हेडमध्ये मोडला की प्लगच्या किमतीचे काही वाटेनासे होते.

एक तपासणी मला फार आवडली, कारण ती अंथरुणातून उठल्या उठल्या दोन मिनिटांत होते. गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा आणि चावी फिरवून, सेल्फ न मारता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाच्या जवळपासच असले पाहिजेत. बाहेर १० अंश असताना कूलंट ७० दाखवत असेल, तर सेन्सर खोटे बोलतो आहे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून गाडीचा संगणक प्लगही तापवत नाही आणि थंड इंजिनाला लागणारे जास्तीचे इंधनही देत नाही. माझ्या गाडीत दोन्ही ११ होते.

कॉम्प्रेशनचे काम गॅरेजचे आहे, पण त्याची पहिली शंका कानाला येते. सेल्फ एका लयीत फिरत असेल तर चारही सिलिंडर सारखे आहेत; दर चौथ्या ठोक्याला तो सैल सुटल्यासारखा वाटत असेल तर एक सिलिंडर हवा धरत नाही. आणि सकाळी सुरळीत उठणारी गाडी गरम झाल्यावर उठत नसेल, तर तिचा दोष बहुधा नोझलच्या (इंधन फवारणाऱ्या तोटीच्या) किंवा पंपाच्या गळतीत असतो, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या भागांतून अधिक निसटते. ती वेगळीच वाट आहे.

डिझेल गोठते का, हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाण्याजोगे असले पाहिजे. म्हणजे खानदेशात, पंपावरून ताजे भरलेले असेल तर, थंडीने डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर बुजण्याची भीती जवळपास नाही. लडाखसारख्या ठिकाणचा प्रश्न वेगळा आहे; तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले. आमच्याकडची खरी अडचण शेतावरच्या टाकीतल्या डिझेलची आहे. ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेले, उन्हाळ्यापासूनचे, तळाला पाणी धरलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत घातले जाते, आणि मग फिल्टरमधले पाणी काढण्याची वेळ येते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुन्या ट्रकवाल्यांचा सल्ला कॉमन रेल गाडीत ऐकू नये. त्या पंपाचे वंगण डिझेलच असते आणि रॉकेलात तो कोरडा घासला जातो. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारण्याचाही सल्ला मिळाला. तापलेले हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो फवारा म्हणजे आत सुतळी बॉम्ब ठेवण्यासारखे आहे.

आता माझ्या वहीकडे परत येतो. नाक वर, टाकी रिकामी, धूर नाही. टाकी मागच्या सीटखाली असते आणि फिल्टर पुढे बॉनेटखाली. माझ्या गाडीत टाकीत पंप नाही. पुढचाच पंप डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, आणि या एका गोष्टीने सगळा फरक पडतो. टाकीत पंप असलेल्या गाडीची नळी फटली तर डिझेल बाहेर ठिबकते, जमिनीवर डाग पडतो, वास येतो. ओढीखालच्या नळीला फट पडली तर बहुधा बाहेर काहीच दिसत नाही. हवा आत शिरते. रात्रभर थोडी थोडी हवा शिरते आणि तिच्या जागेचे डिझेल मागे टाकीत उतरते. फिल्टर जितका टाकीतल्या पातळीच्या वर, तितकी ही ओढ जास्त. सकाळी पंप आधी ती हवा ओढत बसतो, रेलमध्ये दाब चढत नाही, आणि बहुतेक गाड्यांत दीडशे-दोनशे बार दाब झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. म्हणून धूर नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेलचा दाब पाहिला तेव्हा तो आठ सेकंद २०-३० बारवर लोळत होता आणि मग एकदम उडी मारून अडीचशेवर गेला, त्याच क्षणी गाडी पेटली.

खात्री करण्यासाठी दुसऱ्या सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हाताने दाबायचा पंप दाबला. पहिले पंधरा-वीस दाब पोकळ गेले, मग तो कडक झाला. चावी फिरवली, गाडी दोन सेकंदांत उठली. ज्याच्या गाडीला हा हातपंप आहे त्याने बॅटरी घेण्यापूर्वी ही एक चाचणी केली तरी पुरे.

फट कुठे आहे ते मात्र मला सापडले नाही. त्यासाठी मी बोरी नदीच्या पुलापलीकडे ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना आबा म्हणतात. मी वही उघडून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "सर, तुमनी गाडी हवा लेस," म्हणजे तुमची गाडी हवा घेते. ट्रॅक्टरवाल्यांना हा रोग रोजचा असतो. त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली, गाडी सुरू ठेवली, आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना दिसू लागले. मग फिल्टरच्या एकेका जोडावर ब्रशने घट्ट ग्रीस थापत गेले. टाकीकडून येणारी नळी जिथे फिल्टरला खटक्याने बसते तिथे ग्रीस लावताच बुडबुडे थांबले. आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारे रबरी कडे, काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती प्लॅस्टिकसारखी टणक झाली होती आणि एका जागी चपटी होती.

दसऱ्याच्या सुमारास सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बदलला होता. तो खटका तेव्हा उघडला गेला आणि जुनीच रिंग पुन्हा बसवली गेली असणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तक्रार का नव्हती याचेही उत्तर त्या रिंगेत होते. उन्हाळ्यामागून उन्हाळे इंजिनाच्या उष्णतेत राहून रबर कडक झाले होते. ऊब होती तोवर ते फुगून जागा भरत होते, आणि पहाटेच्या गारठ्यात आकसले की केसाएवढी फट पडत होती. बॅटरीसारखाच हाही मे महिन्याचाच हिशेब, डिसेंबरात चुकता झालेला.

आबांनी त्या नळीच्या दोन्ही टोकांच्या रिंगा बदलल्या. रिंगांचे चाळीस रुपये घेतले, मजुरी घ्यायला तयार नव्हते, ती बळेच द्यावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी मुद्दाम नाक वर करून लावली आणि टाकी पावाच्या वर जाऊ दिली नाही. वहीतल्या शेवटच्या तीन नोंदी अशा आहेत : १० अंश, दोन सेकंद, ८ अंश, दोन सेकंद, ८ अंश, तीन सेकंद. धुराच्या रकान्यात तिन्ही दिवस 'किंचित पांढरा, लगेच गेला' असे सौ.च्या अक्षरात आहे, कारण त्या तीन पहाटे सायलेन्सरपाशी तिला उभे राहायला मी स्वतः विनंती केली होती.